बीचवर्थला दोन दिवस : ऑस्ट्रेलियातलं छोटं गाव कसं बघावं

प्रश्न असा आहे : आईवडील मुलाकडे मेलबर्नला आलेत. शहर बघून झालं, ग्रेट ओशन रोड झाला, फिलिप आयलंडचे पेंग्विनही झाले. आता एखाद्या ‘कंट्री टाउन’ला न्यायचं म्हटलं तर तिथे एक मोठा रस्ता, एक पब, एक चर्च. दोन दिवस करायचं काय?

करायला भरपूर असतं. चुकते ती वेळ. बहुतेकांचा बेत असा ठरतो : शनिवारी आरामात आवरून साडेदहाला निघायचं, वाटेत एकदा थांबून दोनला पोचायचं. पार्किंग करून जेवायला जागा शोधेपर्यंत अडीच वाजतात आणि कॅफेचं किचन बंद झालेलं असतं. म्युझियम गाठेपर्यंत तेही आवरायला घेतात. संध्याकाळी साडेपाचला रस्ता सामसूम. रविवारी दहाला खोली सोडायची, एक फेरी मारायची आणि परत. मग घरी येऊन ‘तिथे काही नव्हतं’ असं म्हणायचं. गाव सकाळी सातला उठतं आणि दुपारी तीनला दुकानं आवरायला लागतं. शहराचं घड्याळ घेऊन गेलात तर त्यातले चांगले तास हायवेवरच जातात.

म्हणून पहिला सल्ला : शुक्रवारी निघा, दोन रात्री राहा. शुक्रवारी जमत नसेल तर शनिवारी पहाटे साडेसहाला निघा. सोमवार-मंगळवार शक्यतो टाळा, कारण शनिवार-रविवार राबलेले कॅफे आणि दुकानं तेव्हा बंद असतात.

उदाहरणासाठी मी बीचवर्थ घेतो. व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं, तीन-चार हजार वस्तीचं गाव. पहिल्यांदाच छोट्या गावाला जाणाऱ्यांना मी हेच सुचवतो, कारण इथे बघण्यासारखं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि वयस्कर माणसांना दर दोनशे पावलांवर बसायला बाक मिळतो. १८५२ मध्ये इथल्या ओढ्यात सोनं सापडलं, हजारो माणसं तंबू ठोकून बसली आणि सरकारने स्थानिक पिवळसर ग्रॅनाइटमध्ये कोर्ट, तुरुंग, टपाल-तार कचेरी अशा भक्कम इमारती उठवल्या. सोनं ओसरलं, रेल्वेचा मुख्य मार्गही दुसरीकडून गेला, त्यामुळे त्या पाडून नवं बांधायची गरजच कुणाला पडली नाही. आज गाव जसंच्या तसं दिसतं त्याचं कारण हे.

जाण्याबद्दल. मेलबर्नहून अंतर साधारण २८५ किलोमीटर, ह्यूम फ्रीवेने तीन ते सव्वातीन तास. बेनाल्ला हे पहिल्या विसाव्याचं ठिकाण धरा : तळ्याकाठी आर्ट गॅलरी आहे, स्वच्छ स्वच्छतागृहं आहेत आणि गल्ल्यांतून मोठमोठी भित्तिचित्रं आहेत. पुढे ग्लेनरोवन लागतं, त्याबद्दल खाली सांगतो. वांगरॅटाजवळ फ्रीवे सोडून ग्रेट अल्पाइन रोड धरायचा आणि एव्हर्टनवरून बीचवर्थचा चढ चढायचा. गाव साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. मेलबर्नच्या अंदाजाने कपडे नेले तर रात्री हुडहुडी भरते. जुलैत पहाटे तापमान शून्याखाली जातं, आईसाठी कानटोपी आणि लोकरी मोजे घ्याच.

गाडी नसेल तर मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून व्ही-लाइन या राज्याच्या रेल्वेची ऑल्बरीकडची गाडी वांगरॅटापर्यंत आणि पुढे बस. या गाडीला आसन आरक्षित करावं लागतं. २०२३ पासून व्हिक्टोरियात लांबच्या गाडीचं दिवसाचं कमाल भाडंही मेलबर्न शहराच्या दिवसभराच्या तिकिटाएवढंच ठेवलंय, त्यामुळे चौघांचा खर्च पेट्रोलच्या जवळपास येतो. अडचण बसची आहे. दिवसातून मोजक्याच बस असतात आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी. आधी परतीची बस बघायची आणि मग जाण्याची ट्रेन ठरवायची, उलट क्रमाने नाही.

गाडी भाड्याची असेल तर करारातली दोन कलमं वाचा. पहिलं कच्च्या रस्त्याचं. खडीच्या रस्त्यावर अपघात झाला तर बहुतेक कंपन्या विमा नाकारतात, आणि इथले बरेच धबधबे, कडे कच्च्या रस्त्याच्या टोकाला आहेत. दुसरं प्राण्यांच्या धडकेचं. काही करारांत शहराबाहेर अंधारात गाडी चालवली आणि कांगारूला धडकली तर नुकसान तुमच्या माथी येतं. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, एक उडी मारून गेला तर मागून दुसरा येणार हे धरूनच चाला. समोर आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग वळवू नका. जीव जातो तो बहुधा कांगारू चुकवताना गाडी झाडावर आदळून. म्हणून सगळा प्रवास उजेडात उरका. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्या आठवड्यात हिशेब हमखास चुकतो. जूनमध्ये तर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

कधी जावं? एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा पहिला आठवडा. ओक, एल्म, मेपल अशी युरोपातून आणलेली झाडं रस्त्यांच्या दुतर्फा लावलेली आहेत, ती तेव्हा पिवळीतांबडी होतात. ऑस्ट्रेलियाच्या मूळ निलगिरीची पानं अशी रंगत नाहीत, त्यामुळे हा देखावा सगळीकडे मिळत नाही. ईस्टर टाळा किंवा चार महिने आधी खोली धरा. २५ एप्रिलला अँझॅक डे असतो. त्या दिवशी बहुतेक दुकानं दुपारी एकपर्यंत बंद असतात, पण पहाटे स्मारकाजवळ युद्धात गेलेल्यांसाठी सभा भरते. अंधारात सगळं गाव शांत उभं असतं, बिगुल वाजतो, दोन मिनिटं कुणी हलत नाही. त्या तारखेला तिथे असाल तर आईवडिलांना उठवून न्या. फोटो मात्र नंतर काढा. डिसेंबर ते फेब्रुवारीत वणव्याचा धोका असतो. फोनवर विकइमर्जन्सी हे अ‍ॅप टाकून रोज सकाळी धोक्याची पातळी बघा. ‘कॅटॅस्ट्रॉफिक’, म्हणजे सर्वांत वरची पातळी, लिहिलेलं असेल तर त्या भागात जाऊच नका. ‘टोटल फायर बॅन’च्या, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेल्या, दिवशी राष्ट्रीय उद्यानात किंवा सरकारी जंगलात सोबत नेलेली गॅसची शेगडीही पेटवता येत नाही, आणि हा कायदा आहे, नुसती सूचना नाही.

पहिली सकाळ : फोर्ड स्ट्रीट आणि कोर्ट. गावातल्या माहिती केंद्रापासून सुरुवात करा. रस्त्यावर ‘आय’ अक्षराची पाटी असते. तिथे बसणारी माणसं गावातलीच असतात. नुसता नकाशा मागू नका, तीन प्रश्न विचारा : आज काय बंद आहे, चालत फिरवणारा वाटाड्या किती वाजता निघतो, ऐतिहासिक इमारतींचं एकत्र तिकीट मिळतं का. पाच मिनिटांत अर्ध्या दिवसाचा घोळ वाचतो.

कोर्टाची इमारत १८५८ ची, आणि तिथे न्यायदान १९८९ पर्यंत चाललं. इथे नेड केली या दरोडेखोराची गोष्ट माहीत असणं आवश्यक आहे, नाहीतर लाकडी बाकांपलीकडे काही दिसणार नाही. केलीचं घराणं गरीब आयरिश, पोलिसांशी कायमचं वैर. ऑक्टोबर १८७८ मध्ये याच कोर्टात त्याच्या आईला, एलन केलीला, तीन वर्षांची शिक्षा झाली. आरोप एका पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नात साथ दिल्याचा, आणि तिच्या कडेवर तान्हं मूल. शिक्षा देणारे न्यायाधीश रेडमंड बॅरी. त्याच महिन्यात नेडच्या टोळीने स्ट्रिंगीबार्क क्रीकला तीन पोलीस मारले. जून १८८० मध्ये ग्लेनरोवनला टोळीने नांगराच्या फाळांच्या लोखंडाची चिलखतं घालून पोलिसांशी शेवटची चकमक केली. नेड तेवढा जिवंत सापडला. ऑगस्टमध्ये त्याला याच कोर्टात आणलं, पण स्थानिक ज्युरी त्याच्या बाजूने झुकेल या भीतीने मुख्य खटला मेलबर्नला हलवला. तिथे न्यायाधीश पुन्हा बॅरीच, आणि ११ नोव्हेंबर १८८० ला फाशी.

हे कळल्यावर आरोपीच्या पिंजऱ्याशी उभं राहून न्यायाधीशाची खुर्ची बघा. अंतर इतकं कमी आहे की दोघांना एकमेकांचे श्वास ऐकू येत असणार. आईवडिलांना गोष्ट गाडीतच सांगून ठेवा. इंग्रजी फलक वाचून ती पोचत नाही, आणि उभ्याने वाचायला लावलं तर गुडघे दुखतात. केलीबद्दल गावात थट्टा करू नका. मारल्या गेलेल्या पोलिसांचे वंशज आणि केलीचे नातेवाईक, दोन्हीकडची माणसं या परिसरात राहतात आणि दोघांची मतं पक्की आहेत. आणि नेडचं खरं चिलखत इथे शोधू नका, ते मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे.

कोर्टाला पाऊण तास, आणि तिथून बर्क म्युझियमला दीड तास. रॉबर्ट ओहारा बर्क हा इथला पोलीस अधिकारी. १८६० मध्ये खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायला मेलबर्नहून निघाला आणि परतताना १८६१ मध्ये वाळवंटात उपासमारीने मेला. त्याच्या मोहिमेसाठीचे उंट हिंदुस्थानात खरेदी करून कराचीहून जहाजाने आणले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, त्यामुळे हा धागा आपल्याकडेही येऊन टेकतो. म्युझियमच्या आत जुन्या दुकानांची एक अख्खी गल्ली उभी केली आहे, मुलं तिथे रमतात. नामशेष झालेल्या थायलसीनचा, म्हणजे पट्टेरी टास्मानियन वाघाचा, पेंढा भरलेला नमुनाही इथे आहे, तो चुकवू नका.

तुरुंग आणि मेडे हिल्सचं जुनं मनोरुग्णालय इथल्या दौऱ्यांना वेगळं आरक्षण लागतं. मनोरुग्णालयात रात्री भुतांचे दौरे काढतात. मला ते पटत नाहीत. १८६७ ते १९९५ एवढा काळ तिथे माणसांनी दुःख भोगलं, त्याचा खेळ करू नये. दिवसाउजेडी बागेतून चालत जा, झाडं अप्रतिम आहेत.

शनिवारी दुपारी फुटबॉल बघा, म्हणजे हाताने-पायाने खेळतात तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळकपणे नसतं, पण एप्रिल ते ऑगस्टमध्ये गेलात तर माझ्या मते गावात करण्यासारखी ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. बीचवर्थचा संघ ‘बुशरेंजर्स’, मैदान बारमुथा पार्क, स्पर्धा टालंगाटा अँड डिस्ट्रिक्ट लीग. सामना घरच्या मैदानावर आहे ना, हे आधी वेळापत्रकात बघा. मुख्य सामना साधारण दोन-अडीचला सुरू होतो, त्याआधी दुसऱ्या फळीचा असतो आणि शेजारच्या कोर्टवर मुलींचा नेटबॉल चालू असतो. फाटकावर थोडं प्रवेशशुल्क द्यावं लागतं, सुटे पैसे ठेवा.

गाड्या मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभ्या करतात. गारठा असेल तर आजी-आजोबा गाडीत बसूनच सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. नियम मोटामोटी एवढे पुरतात : प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, चार डाव, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथ मारून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. डाव संपला की गावाकडे प्रेक्षकांनाही मैदानात जाऊ देतात. पोरं चेंडू लाथाडत सुटतात आणि मोठी माणसं प्रशिक्षकाभोवतीच्या घोळक्यापाशी जाऊन तो खेळाडूंना काय बोलतोय ते ऐकतात. तुम्हीही जा. घामाचा, स्नायूंना चोळायच्या मलमाचा आणि तुडवलेल्या ओल्या गवताचा वास एकदम येतो. त्या घोळक्यात गावातला इलेक्ट्रिशियन, शाळेतला शिक्षक, बेकरीतला पोरगा हे सगळे एका जर्सीत असतात. गावाची ओळख इतक्या थोड्या वेळात दुसरीकडे कुठे होत नाही. कँटीनमध्ये घरच्या बायाबाप्यांनी केलेलं खायला मिळतं, आणि तिथे दिलेले पैसे क्लबलाच जातात.

खाण्याचं. कॅम्प स्ट्रीटवरची बीचवर्थ बेकरी प्रसिद्ध आहे. तिथला ‘बी स्टिंग’ घ्या : यीस्टचा मऊ बन, आत कस्टर्ड, वर मध-बदामाचा थर. ‘नेड केली पाय’मध्ये गोमांस असतं आणि वर अंडं-बेकन, हे घरातल्यांना आधी सांगा. शनिवारी दहानंतर रांग रस्त्यापर्यंत येते. साडेसात-आठला गेलात तर माडीवरच्या सज्जात जागा मिळते.

शाकाहारी माणसांसाठी नुसतं ‘व्हेजिटेरियन’ विचारून भागत नाही. भोपळ्याचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण ते बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात केलेलं असतं. चिप्स मासे तळलेल्याच तेलात किंवा गोमांसाच्या चरबीत तळलेले असू शकतात. मार्शमेलो-जेलीत जिलेटिन असतं. तीन नेमके प्रश्न पाठ करून ठेवा : सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का, तेल वेगळं आहे का, पेस्ट्रीत कसली चरबी आहे. गावातली माणसं असल्या प्रश्नाला वैतागत नाहीत, आत जाऊन विचारून येतात.

पबमध्ये कुणी टेबलाशी ऑर्डर घ्यायला येत नाही. आपण आधी टेबल धरायचं, त्याचा क्रमांक बघायचा, काउंटरवर सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. बक्षिशी देण्याची पद्धत नाही. ‘पार्मा’ म्हणजे ब्रेडक्रम्स लावून तळलेलं चिकन, वर टोमॅटो सॉस आणि चीज, पण मध्ये हॅम लपलेलं असतं. नको असेल तर आधी सांगा. किचन सहाच्या सुमारास उघडतं आणि आठला बंद होतं. आपल्या सवयीने पावणेनऊला गेलात तर चिप्सचं पाकीटच मिळेल. शुक्रवार-शनिवारचं टेबल फोन करून राखून ठेवा. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी बिलावर दहा-पंधरा टक्के जादा लावतात, तशी पाटी दारातच असते.

किचन असलेली मोटेलची खोली किंवा लेक सँबेलजवळच्या कॅरॅव्हॅन पार्कातली केबिन घेतली तर सकाळचे पोहे आणि रात्रीची खिचडी घरची होते. पण फोडणी जपून. धूर शोधणारी घंटा आपल्या मोहरी-मिरचीला लगेच वाजते, आणि काही ठिकाणी ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते. बंब विनाकारण आला तर त्याचा भुर्दंड शेकडो डॉलरचा. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, बाथरूमच्या बाजूचं दार लावा. त्यापेक्षा सोपं म्हणजे घरूनच फोडणी डबीत घालून न्यायची. खिचडीवर वरून घातली की झालं. बागांमधल्या विजेच्या बार्बेक्यूवर बटण दाबलं की तवा तापतो, पैसे लागत नाहीत. त्यावर आधी कुणी काय भाजलंय माहीत नसतं, म्हणून जाड फॉइल दोन पदरी अंथरा आणि त्यावर पनीर, मका, वांग्याचे काप भाजा. नंतर तवा पुसून ठेवा.

सोनं धुणं. मुलांना आणि आजोबांना एकत्र गुंतवणारी दुसरी गोष्ट हीच. व्हिक्टोरियात त्यासाठी ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. तो सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो आणि दहा वर्षं चालतो. तो असला तरी राष्ट्रीय उद्यानात सगळीकडे धुता येत नाही. वूलशेड खोऱ्यातल्या रीडी क्रीकवर कुठला पट्टा मोकळा आहे ते माहिती केंद्रात नकाशावर दाखवून घ्या. साहित्य फार नाही : कडेला खाचा असलेली प्लास्टिकची पाटी, जाड चाळणी, छोटं खुरपं, गमबूट आणि काचेची कुपी.

तत्त्व आपल्या सराफ बाजारातल्या झारेकऱ्यांचंच. दुकानांपुढची माती पाटीत धुऊन ते सोन्याचे कण काढतात, तसंच. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, साधी वाळू अडीचपटीच्या थोडी वर. म्हणून ते तळाला जातं आणि प्रवाह मंदावतो तिथे अडकतं : वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या पाठीमागे, तळखडकाच्या भेगेत. वरची मोकळी वाळू धुण्यात वेळ घालवू नका, खालची घट्ट, खडे मिसळलेली गच्च माती घ्या. पाटी दोन तृतीयांश भरा, चाळणीने मोठे दगड काढा. मग पाटी पाण्याखाली बुडवून चिकणमातीची ढेकळं बोटांनी पूर्ण विरघळवा. ही पायरी सगळे गाळतात आणि सोनं ढेकळाला चिकटून वाहून जातं. आता पाण्याखालीच पाटी डावी-उजवीकडे जोरात हलवा म्हणजे जड कण तळाला बसतील. मग खाचांची बाजू पलीकडे ठेवून थोडी कलती करा आणि पुढेमागे हलवत वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्या. दर चार-पाच वेळा थांबून पुन्हा सपाट धरून हलवा.

शेवटी मूठभर काळी वाळू उरते. तिच्यात लोहखनिज आणि कथिलाचं खनिज असतं. या खोऱ्यात कथिल भरपूर आहे. खाली एल्डोराडोला १९३६ ते १९५४ चाललेला प्रचंड ड्रेजर, म्हणजे तळ उपसणारं तरंगतं यंत्र, अजून तळ्यात उभा आहे, त्याने सोन्याबरोबर कथिलही उपसलं. काळ्या वाळूवर चमचाभर पाणी घालून पाटी हळूच फिरवा. वाळू पुढे सरकते आणि मागे राईच्या दाण्याच्या चतकोराएवढा पिवळा ठिपका राहतो. तो सोनं आहे की अभ्रक? पाटी सावलीत न्या. अभ्रक सावलीत विझतं, सोनं तसंच पिवळं राहतं. सुईने दाबलं तर अभ्रक तुकडे होऊन फुटतं, सोनं दबतं. दोन तासांत असे एक-दोन ठिपके मिळाले तर हात चांगला बसला म्हणायचं. खणलेला खड्डा बुजवून या, काठाला हात लावू नका. उन्हाळ्यात दगड उचलण्याआधी खुरप्याने हलवून बघा, साप असतो.

वूलशेड धबधबा याच खोऱ्यात. केलीच्या टोळीतला जो बर्न इथलाच. जून १८८० मध्ये त्याने आपला बालमित्र अ‍ॅरन शेरिट याला पोलिसांचा खबऱ्या समजून इथेच गोळी घातली. ग्लेनरोवनची चकमक दोनच दिवसांनी झाली.

सायकल. जुन्या रेल्वेमार्गावर आता डांबरी सायकलवाट आहे, मरी टू माउंटन्स रेल ट्रेल. बीचवर्थ ते एव्हर्टन सोळा किलोमीटर आणि जवळजवळ सगळा उतार, तासाभरात पोचतो. इथेच कुटुंबं फसतात. उतरताना सगळे खूश, आणि मग तोच सोळा किलोमीटरचा चढ समोर. चढ रेल्वेचा असल्यामुळे तीव्र नाही, पण संपतही नाही, सवय नसलेल्याला दोन तास लागतात. एकतर सायकल भाड्याने देणाऱ्याला एव्हर्टनहून गाडीने परत आणतो का ते विचारा, नाहीतर विजेची सायकल घ्या आणि अर्धी बॅटरी चढासाठी राखा. वाटेत पाणी मिळत नाही, माणशी दीड लिटर न्या. हेल्मेट कायद्याने सक्तीचं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर मॅगपाय पक्षी घरट्याच्या राखणीसाठी डोक्यावर झडप घालतात. तेव्हा उतरून, सायकल हातात धरून, त्याच्याकडे तोंड ठेवत शांतपणे चालत पुढे जा. पळालात की तो पाठलाग करतो.

चालण्याची हौस नसलेल्या वडीलधाऱ्यांना गाडीतूनच घळईचा रस्ता दाखवा. एकेरी वाहतुकीचा रस्ता आहे, ग्रॅनाइटचे धोंडे आणि ओढ्याचे टप्पे दिसतात आणि वाटेवर १८५९ चं दगडी दारूकोठार लागतं. गावाच्या दफनभूमीत १८५७ चे दोन चिनी धूपमनोरे आहेत. कुटुंबापासून हजारो मैलांवर मेलेल्या खाणकामगारांसाठी त्यात प्रार्थनेचे कागद जाळत. दोन हजारांच्या आसपास चिनी माणसं तिथे पुरलेली आहेत. पंधरा मिनिटं पुरतात, आणि आईवडिलांना ती जागा समजवावी लागत नाही.

बोलण्याचं. ‘हाउ या गोइंग?’ याला तब्येतीचा पाढा नको, ‘गुड थँक्स, यू?’ एवढं पुरतं. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तुम्हीही उचला. म्युझियममध्ये आणि ‘ऑप शॉप’मध्ये, म्हणजे धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, बसणाऱ्या निवृत्त बाया-बाप्यांना वेळ असतो आणि सांगायचंही असतं. कमी इंग्रजी येणाऱ्या आईला ऑप शॉपमध्ये सोडा. लोकरीची लड, क्रोशाची सुई, जुनी चिनी मातीची बशी हातात आली की भाषेवाचून तासभर गप्पा होतात. ही दुकानं रविवारी बहुधा बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळीच जा.

तब्येतीचं एक. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, लागू नाही. गावात छोटं रुग्णालय आहे, पण छातीत दुखण्यासारख्या गोष्टीला वांगरॅटा किंवा ऑल्बरी गाठावं लागतं. विम्याचा कागद आणि औषधांची इंग्रजी नावं गाडीच्या कप्प्यात ठेवा. आणीबाणीला शून्य-शून्य-शून्य. घळईत आणि वूलशेडकडे फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

रविवारी सकाळी फोर्ड स्ट्रीटवरच्या बीचवर्थ हनीच्या दुकानात मध चाखा : स्ट्रिंगीबार्क, रेड गम, यलो बॉक्स, प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि रंगही वेगळा. मग यॅकनडांडा बावीस किलोमीटरवर आहे, तिथे चहा घ्या. तिथला पेट्रोलपंप गावकऱ्यांनी २००२ मध्ये पैसे जमवून आपल्या ताब्यात घेतला आणि अजून चालवतात. टाकी तिथेच भरा. दीडपर्यंत जेवून निघालात तर ग्लेनरोवनला अर्धा तास थांबूनही हिवाळ्यात बेनाल्लाच्या पुढे उजेडातच पोचता.